इंडियन सुपर लीग (आयएसएल) २०२३-२४ अर्ध्यावर: सात लाल कार्डं, पंच, प्रशिक्षक आणि आपली मुंबई सिटी

अंधेरी_वेस्ट | २६ जानेवारी २०२४

आशियाई करंडकातून भारत बाहेर पडला. सुपर कपच्या उपांत्य सामन्यात ओडिशानं आपल्याला १-० असं थांबवलं. आता महिनाअखेरीस लीग पुन्हा सुरू होतेय. सुट्टीच्या या दिवसांत मुंबई सिटीच्या पाठीराख्यांचा एकच विषय चाललाय: पंचांनी आपलं वाटोळं केलं. मला हे पटत नाही, आणि का पटत नाही ते सविस्तर लिहायचंय.

२० डिसेंबरची मोहन बागानविरुद्धची मॅच घ्या. अंधेरीच्या शहाजीराजे क्रीडा संकुलात आपण २-१ जिंकलो. पण लोकांच्या लक्षात राहिली ती सात लाल कार्डं. चार आपली, तीन त्यांची. आपल्याकडून आकाश मिश्रा, ग्रेग स्ट्युअर्ट, विक्रम प्रताप आणि राहुल भेके. त्यांच्याकडून आशिष राय, लिस्टन कोलासो आणि हेक्टर युस्ते. यातली काही कार्डं तर सामना संपतासंपता आणि संपल्यावर निघाली.

मान्य, पंचांच्या हातून सामना सुटला होता. सुरुवातीचे दोन-तीन धसमुसळे टॅकल नुसत्या ताकीदीवर सोडले की पुढं खेळाडू अंदाज घेत घेत हद्द ओलांडतात, आणि मग शिट्टीला किंमत राहत नाही. पण आकाशनं पहिल्या पंधरा मिनिटांत बागानच्या मनवीरवर जो पाय टाकला, तो कोणत्या पंचानं टाकायला सांगितला होता? दहाजणांत खेळून, एका गोलनं मागं पडून आपण मॅच फिरवली. मध्यंतराच्या तोंडावर स्ट्युअर्टची बरोबरी, दुसऱ्या हाफमध्ये बिपिनचा गोल. या मोसमातली आपली सर्वांत जिद्दीची मॅच होती ती. आणि ती जिंकल्यावर आपण काय केलं? जिंकलेल्या मैदानावर भांडत बसलो. चारच दिवसांनी केरळ ब्लास्टर्सशी खेळायला कोचीला जायचं होतं. तिथं हे चौघं नव्हते. केरळकडं एड्रियन लुना नव्हता, गुडघ्याच्या शस्त्रक्रियेमुळं तो बाहेर होता, तरी आपण २-० हरलो. दोन्ही गोल पहिल्या हाफमध्ये, डायमांटाकोस आणि पेप्रा. तो पराभव मला अंधेरीतच ठरल्यासारखा वाटतो.

राहुल भेकेबद्दल लिहिताना जीव तुटतो. मुंबईचा पोरगा. २०१९ ची फायनल याच मैदानावर बंगळुरूला ज्यानं हेडरवर जिंकून दिली, तो हा राहुल. संघातला जबाबदार माणूस म्हणून आपण त्याच्याकडं बघतो. भांडण पेटलं की त्यानं मध्ये पडून पोरांना ओढून बाजूला न्यायचं असतं. त्याचं नाव कार्डांच्या यादीत वाचताना मला फार वाईट वाटलं.

स्ट्युअर्ट तर आता स्कॉटलंडला परत गेला, किल्मारनॉककडं. दोन बचावपटूंच्या मधल्या फटीत चेंडू घेऊन वळणारा तसा माणूस या लीगमध्ये दुसरा नाही. जमशेदपूरला २०२१-२२ ची शिल्ड (साखळीत अव्वल राहणाऱ्याला मिळते ती) त्यानं मिळवून दिली, आपल्याला २०२२-२३ ची. त्याच्याशिवाय आपला विंगर छांगटेला चेंडू पायात मिळणार की मोकळ्या जागेत, हा माझ्या मते उरलेल्या मोसमाचा सर्वांत मोठा प्रश्न आहे. छांगटेला पळायला जागा लागते. त्याला लाइनवर चिकटवून ठेवला आणि चेंडू पाठीवर दिला, तर कुठलाही बरा बॅक त्याला अडवतो.

आणि आपला नवा प्रशिक्षक, पेत्र क्रात्की. आधीचा प्रशिक्षक डेस बकिंगहॅम नोव्हेंबरमध्ये ऑक्सफर्डला गेला. त्याच्या गावचा क्लब, कुणीही गेला असता. त्याच्या हाताखाली आपण ४६ गुणांचा विक्रम करून शिल्ड जिंकली होती. क्रात्की मेलबर्न सिटीतून आला तो थेट डिसेंबरच्या गर्दीत. सराव घ्यायलाही सवड नाही अशा वेळी. त्याला 'बदला' म्हणणाऱ्यांना माझं मनापासून सांगणं आहे, थांबा. पूर्ण संघ हातात घेऊन महिनाभर सराव करायची संधी त्याला अजून मिळालेलीच नाही; त्याचे मुख्य खेळाडू तर भारताच्या शिबिरात होते.

तुम्हाला काय वाटतं? पंच, प्रशिक्षक, खेळाडू, सगळ्यांवर लिहा.

---

फातोर्डाचो_पाठीराखो | २६ जानेवारी

चांगलं लिहिलंयत. पण पंचांना तुम्ही फार स्वस्तात सोडलंत.

आमच्या एफसी गोवाचं उदाहरण देतो. ऑगस्टमध्ये ड्युरंड कपच्या उपांत्य सामन्यात आम्ही मोहन बागानविरुद्ध पुढं होतो. बॉक्सच्या बाहेर झालेल्या फाउलवर त्यांना पेनल्टी मिळाली. टीव्हीवर रीप्ले बघणाऱ्या प्रत्येकाला रेषा दिसत होती. बरोबरी झाली, मग दुसरा गोल, आम्ही बाहेर. आमचा कोच मनोलो मार्केझ एरवी शांत माणूस, तोही भडकला. अशा वेळी खेळाडूला 'डोकं शांत ठेव' म्हणणं सोपं असतं.

तरी गोवा लीगमध्ये अजून एकही मॅच हरलेला नाही, आणि त्याचं श्रेय मनोलोला द्यायलाच हवं. २३ डिसेंबरला सॉल्ट लेकवर जाऊन आम्ही मोहन बागानला ४-१ मारलं. नोआ सदाऊईचे दोन गोल. नोआ डावीकडून आत वळला की त्याच्यासमोरच्या बॅकला त्याचा साथीदारही वाचवू शकत नाही. पण माझा आवडता खेळाडू आहे ब्रँडन. दुखापतींनी त्याची कितीतरी वर्षं खाल्ली. तो मैदानात असला की आमचा सेट-पीस म्हणजे अर्धा गोल.

आता काळजी एकच. सीरियाविरुद्ध संदेश झिंगन लंगडत बाहेर गेला. तो किती दिवस बसणार यावर आमची शिल्ड ठरेल. देशासाठी खेळताना झालेली दुखापत आहे, तक्रार कुणाकडं करणार? पण पोटात गोळा आलाय खरा.

---

मंगळवार_पेठ | २६ जानेवारी

कोल्हापूरहून नमस्कार मंडळी.

आमच्याकडं शाहू स्टेडियमवर पाटाकडील विरुद्ध शिवाजी तरुण मंडळ असली मॅच बघितलेल्या माणसाला अंधेरीच्या सात कार्डांचं नवल वाटत नाही. इथं रेफरी म्हणजे गावातलाच माणूस. दुसऱ्या दिवशी मंडईत, शाळेत, तालमीच्या दारात लोकांना भेटणारा. एक ऑफसाइड चुकला की त्याला चार पेठांतून ऐकून घ्यावं लागतं. माझ्या घरातच एकानं बरीच वर्षं रेफरीचं काम केलंय, म्हणून मला हे आतून माहीत आहे. घरचे म्हणायचे, सोड आता. तो म्हणायचा, मी सोडलं तर मॅच कोण घेणार?

अंधेरी_वेस्ट भावा, तू खेळाडूंवर बोललास ते बरोबर. फातोर्डाकर पंचांवर बोलले तेही बरोबर. पण दोघांनीही मूळ मुद्दा बाजूला ठेवलाय. आयएसएलला दहावा मोसम चाललाय. कॅमेरे भरपूर आहेत, रीप्ले सेकंदात दिसतो. तो घरी बसलेल्या मला दिसतो, डगआउटमधल्या कोचला दिसतो, हातात मोबाइल असलेल्या प्रेक्षकाला दिसतो. फक्त मैदानात ज्याला निर्णय द्यायचाय त्या एकट्यालाच दिसत नाही! व्हीएआर (व्हिडिओ बघून पंचाला मदत करण्याची सोय) नाही, गोललाइनचं तंत्रज्ञान नाही. महासंघाच्या अध्यक्षांनी गेल्या वर्षी 'व्हीएआर लाइट'ची भाषा केली होती, ती अजून भाषाच आहे. अनेक पंच नोकरी सांभाळून हे करतात. खेळाडू पूर्ण वेळ व्यावसायिक, कोच युरोपातून आलेला, आणि ज्याच्या शिट्टीवर सगळं चालतं तो सुट्टी टाकून आलेला. लई अन्याय आहे हा, आणि तो पंचांवरचा अन्याय आहे.

बाकी आमच्या अनिकेत जाधवचं कुणीतरी नाव काढा. ओडिशाकडनं लोबेराच्या हाताखाली खेळतोय. सतरा वर्षांखालच्या विश्वचषकात खेळलेलं कोल्हापूरचं पोरगं. त्याला सलग सुरुवातीपासून खेळवलं तर तो काय करतो ते बघायचंय.

---

दोहावासी | २७ जानेवारी

मी इथं भारताच्या मॅचेस स्टेडियमात बसून पाहिल्या. ऑस्ट्रेलिया आणि उझबेकिस्तानविरुद्धची अहमद बिन अलीला, सीरियाविरुद्धची अल बैतला. मंगळवार_पेठ यांनी मांडलेल्या मुद्द्याला मला दुजोरा द्यायचाय.

भारत-ऑस्ट्रेलिया मॅचला योशिमी यामाशिता मुख्य पंच होत्या. पुरुषांच्या आशियाई करंडकात मुख्य पंच म्हणून उभ्या राहिलेल्या त्या पहिल्या महिला. २०२२ च्या विश्वचषकासाठी निवडलेल्या तीन महिला मुख्य पंचांपैकीही त्या एक होत्या. स्टँडमध्ये आमच्या आजूबाजूला कितीतरी मुली होत्या, शाळेत जाणाऱ्या. त्यांच्यासाठी ते दृश्य किती मोलाचं होतं ते मला शब्दांत नीट सांगता येत नाही. सामना त्यांनी फार कमी गाजावाजा करत, ठाम हातानं चालवला. शिट्टी झाली की खेळाडू परत जागेवर जायचे. हीच आपली मुलं लीगमध्ये प्रत्येक शिट्टीला घोळका करतात! पाठीशी व्हीएआर आहे, चूक झालीच तर दुरुस्त होईल, हे सगळ्यांना माहीत असतं, त्यामुळं अर्धी आरडाओरड होतच नाही. पंचाचा अधिकार तंत्रज्ञानानं कमी होतो म्हणतात. मला इथं उलटं दिसलं.

आता भारताचे प्रशिक्षक स्टिमॅक यांच्याबद्दल. शिबिराला चार आठवडे हवे होते, दोनच मिळाले, हे त्यांचं म्हणणं खरं आहे. अन्वर अली, जिक्सन आणि आशिक दुखापतींमुळं नव्हते, हेही खरं. ऑस्ट्रेलियाविरुद्ध मध्यंतरापर्यंत ०-० होतं आणि छेत्रीचा तो सुरुवातीचा हेडर आत गेला असता तर... जाऊ दे. पण तीन मॅच, एकही गोल नाही, सहा खाल्ले. उझबेकिस्ताननं पहिल्या हाफमध्येच तीन मारले. सीरियाविरुद्ध जिंकणं भाग होतं, तिथं आपण चेंडू पायात ठेवायलाच घाबरलो. दोन आठवड्यांच्या शिबिरावर एवढं सगळं ढकलता येत नाही. पाच वर्षं होतील या प्रशिक्षकांना. एवढ्या काळात छेत्रीनंतर गोल कोण करणार याचं उत्तर मिळायला हवं होतं.

आणि त्याचं मूळ लीगमध्ये आहे. सांगा मला, कोणत्या क्लबचा नंबर नऊ, म्हणजे मुख्य स्ट्रायकर, भारतीय आहे?

---

सॉल्टलेकचा_मराठी | २७ जानेवारी

> सांगा मला, कोणत्या क्लबचा नंबर नऊ, म्हणजे मुख्य स्ट्रायकर, भारतीय आहे?

ताई, नेमक्या दुखऱ्या जागी बोट ठेवलंत. मुंबईकडं पेरेरा डियाझ, आमच्याकडं कमिंग्ज आणि सादिकू, गोव्याकडं कार्लोस मार्टिनेझ, केरळकडं डायमांटाकोस, ओडिशाकडं रॉय कृष्णा आणि मॉरिसिओ. आपले पोरं विंगला नाहीतर बॅकला. मनवीर मुळात स्ट्रायकर होता, आता उजव्या बाजूला धावतो.

मी कोलकात्यात राहतो आणि मोहन बागानचा आहे, त्यामुळं इथं थोडा अल्पसंख्याक. पण प्रशिक्षकांवर मला बोलायचंय.

डिसेंबरच्या आठ दिवसांत आम्ही तीन मॅच हरलो: मुंबई, गोवा, केरळ. ३ जानेवारीला आमचा कोच हुआन फेरांडो गेला. मार्चमध्ये आयएसएल आणि सप्टेंबरमध्ये ड्युरंड जिंकून दिलेला माणूस! अंधेरीतल्या मॅचनं आमचे लिस्टन आणि आशिष बसले, आधीच निम्मा संघ जायबंदी होता. ते कुणी मोजलं नाही. बंगळुरूनं तर तुमच्याकडून घरच्या मैदानावर ०-४ हरल्यावर दुसऱ्याच दिवशी सायमन ग्रेसनला काढलं. जमशेदपूरनंही कोच बदलला. अर्धा मोसम आणि इतके बळी.

आता अंतोनिओ हबास परत आलाय. २०१४ आणि २०१९-२० चा विजेता. त्याचं फुटबॉल मला बघायला आवडत नाही, पण ड्रेसिंग रूममध्ये शिस्त आणायला याहून योग्य माणूस नाही, आणि आम्हाला सध्या तीच हवी. तो येईपर्यंत सुपर कपला संघ क्लिफर्ड मिरांडाच्या हातात होता. ईस्ट बंगालविरुद्धची डर्बी आम्ही १-३ हरलो तेव्हा इथल्या लोकांनी क्लिफर्डला जे काही बोललं ते वाचून राग आला. सातजण राष्ट्रीय संघाबरोबर दोह्याला, आणि दोष मात्र हंगामी कोचचा? याच गोव्याच्या माणसानं गेल्या वर्षी ओडिशाला सुपर कप जिंकून दिला होता. त्यानंतर त्याला मुख्य कोच म्हणून एकाही क्लबनं घेतलं नाही.

---

अंधेरी_वेस्ट | २७ जानेवारी

@मंगळवार_पेठ, तुमचा मुद्दा शंभर टक्के मान्य. व्हीएआर हवंच, निदान त्याची स्वस्त आवृत्ती तरी. पण ते येईपर्यंत एक गोष्ट आजपासून करता येते: संघाच्या बाकावरून होणारी चिथावणी बंद करणं. केरळचा प्रशिक्षक इव्हान वुकोमानोविचचं बघा. गेल्या मार्चमध्ये बंगळुरूत छेत्रीनं भिंत लागायच्या आत फ्रीकिक मारली आणि यानं सगळा संघ मैदानाबाहेर काढला. प्लेऑफचा सामना, अर्धवट सोडून! क्लबला चार कोटींचा दंड, त्याच्यावर दहा सामन्यांची बंदी. परत आला आणि डिसेंबरमध्ये पंचांवरच्या वक्तव्यासाठी पुन्हा एका सामन्यासाठी बाहेर.

इव्हान फार चांगला प्रशिक्षक आहे. लुना नसताना केरळ लीगमध्ये अव्वल आहे हे त्याचंच काम. केरळचे लोक त्याच्यावर जीव टाकतात आणि म्हणूनच त्याची जबाबदारी जास्त. तो पंचाला चोर ठरवतो तेव्हा अख्खं स्टेडियम पंचाला चोर मानून शिट्टीची वाट बघतं. ऑक्टोबरमध्ये अंधेरीत आपण त्यांना २-१ हरवलं तेव्हाही शेवटी धक्काबुक्की होऊन आपला वॅन नीफ आणि त्यांचा ड्रिंचिच दोघं बाहेर गेले. हे वातावरण आपसूक तयार होत नाही.

@सॉल्टलेकचा_मराठी, प्रशिक्षकांचं म्हणाल तर खालिद जमील! जमशेदपूरनं ३१ डिसेंबरला त्याला घेतलं आणि महिन्याच्या आत सुपर कपच्या उपांत्य फेरीत नेलं त्यानं. आपल्या मुंबईत घडलेला माणूस. मुंबई एफसीला वर्षानुवर्षं तुटपुंज्या पैशांत त्यानं आय-लीगमध्ये टिकवलं, नंतर आयझॉलला २०१६-१७ चं विजेतेपद मिळवून दिलं. ईशान्येकडच्या एका छोट्या क्लबनं देशाची लीग जिंकावी, एवढं मोठं काम. तरी पुष्कळदा त्याला बोलावतात ते घर पेटल्यावरच. मोसमाच्या आधी, स्वतःचा संघ निवडू देऊन, किती मोठ्या क्लबांनी त्याला नेमलं?

---

बालेवाडी_फाटा | २७ जानेवारी

थोडं पुण्याबद्दल. एफसी गोवाचा जय गुप्ता आमच्या पुण्याचा. पोर्तुगालला जाऊन एस्तोरिलकडं घडला आणि या मोसमात गोव्याच्या डाव्या बॅकची जागा त्यानं पक्की केली. उंच, डाव्या पायाचा, चेंडू घेऊन पुढं निघतो आणि घाबरत नाही. आशियाई करंडकाला त्याला नेलं नाही याचं मला अजून दुःख आहे.

आणि मुंबईकरांनो, आशियाई चॅम्पियन्स लीगचं कुणीच काही बोललं नाही. आपल्या घरच्या मॅचेस बालेवाडीला होत्या, सौदीच्या अल हिलालची तेवढी नेरुळला डी. वाय. पाटीलवर. सहाच्या सहा हरलो. रियाधला ०-६. नेमार दुखापतीमुळं आला नाही, तरी त्या रात्री डी. वाय. पाटीलवर मोठी गर्दी होती, आणि ०-२ हरूनही पोरांनी मान खाली घातली नव्हती. मला त्या मॅचमधला फुर्बा लाचेंपा आठवतो. सिक्कीमचा हा गोलकीपर मित्रोविचसारख्यांच्या समोर पाय रोवून उभा होता. भारताच्या गोलमध्ये गुरप्रीतनंतर कोण, याचं माझं उत्तर तरी फुर्बाच.

मात्र या सहा मॅचेसची दमणूक मोजल्याशिवाय डिसेंबरचा हिशोब होत नाही. एका बाजूला नामांगन, इराण, सौदी असा प्रवास, दुसऱ्या बाजूला लीग, मध्येच कोच निघून गेला. दमलेला माणूस उशिरा टॅकलला पोचतो. कार्डं तिथूनही येतात, अंधेरी_वेस्ट.

---

अंधेरी_वेस्ट | २७ जानेवारी

हा मुद्दा माझ्या लिखाणात यायला हवा होता इतका महत्त्वाचा आहे. आकाश आणि अपुइया यांना तर विश्रांतीच नाही: क्लब, आशिया, भारतीय संघ. तरीही शिट्टीनंतरच्या भांडणाला थकवा हे कारण मी धरणार नाही.

---

फातोर्डाचो_पाठीराखो | २८ जानेवारी, रात्री

सुपर कप फायनल पाहिली का? ईस्ट बंगाल ३, ओडिशा २, जादा वेळेत. ईस्ट बंगाल २-१ पुढं असताना भरपाईच्या वेळेत ओडिशाच्या जाहूनं पेनल्टीवर बरोबरी केली, मग १११ व्या मिनिटाला क्लीटन सिल्वा. दोन्हीकडं एकेक लाल कार्डही, मुर्तदा फॉल आणि सौविक. २०१२ च्या फेडरेशन कपनंतर ईस्ट बंगालचा हा पहिला राष्ट्रीय करंडक. कार्लेस क्वाद्रातला सलाम. गेल्या काही मोसमांत तळाशी पडलेला संघ त्यानं सहा महिन्यांत उभा केला.

---

सॉल्टलेकचा_मराठी | २८ जानेवारी, रात्री

इथं रस्त्यावर लाल-पिवळे झेंडे आहेत. मी मोहन बागानचा असून सांगतो, त्यांना हा दिवस मिळायलाच हवा होता. बारा वर्षं वाट बघितली त्या लोकांनी, आणि स्टेडियम एकदाही रिकामं सोडलं नाही.

---

मंगळवार_पेठ | २८ जानेवारी, रात्री

फायनलमध्ये अनिकेतला किती मिनिटं मिळाली, कुणी बघितलं असेल तर सांगा. मी मॅचची सुरुवात चुकवली.

आणि मुंबईकर, लीग सुरू झाली की स्ट्युअर्टच्या जागी मधोमध कोण खेळतो ते इथंच लिहा. माझ्या मते छांगटेला आत आणून बघायला हरकत नाही.

---

अंधेरी_वेस्ट | २८ जानेवारी, रात्री

छांगटे मधोमध? नको. त्याला उजवीकडंच राहू द्या आणि विक्रमला आत आणा. पोराला दोन्ही पायांनी मारता येतं, पाठीवर बॅक असताना वळता येतं. फक्त त्यानं पंचाशी बोलायचं थांबवायला हवं. पहिल्या मॅचनंतर लिहितोच.